एका तपातल्या चादरी

३ फेब्रुवारी

आज सकाळी कोशाच्या कचेरीतून 'ट' आणि 'त' या अक्षरांची मुद्रितं आली. दोऱ्यानं बांधलेलं जाड पाकीट, आणि वर चिठ्ठी : 'बाई, सवडीनं नजर टाका.'

सवडीनं म्हणे! शब्दकोशाच्या त्या कचेरीत छत्तीस वर्षं काढली. 'त' हे सबंध अक्षर, 'तंग'पासून 'त्वेष'पर्यंत, मी एकटीनं उभं केलं. आता नवी आवृत्ती निघते आहे तर मी सवडीनं नजर टाकायची!

टाकली. 'ट'मध्ये 'टापास' नावाचा शब्द सापडला. सहा ओळी. परक्या भाषेतून आलेला, अर्थ : हॉटेलात छोट्या छोट्या बशांतून वाढतात ते खाणं. मुळात म्हणे झाकण, पेल्यावर ठेवायची बशी. असेल. मला त्याचं वावडं नाही. पुढे 'त'वर आले. 'तप'. दोन ओळी! १. व्रत, खडतर साधना. २. बारा वर्षांचा काळ. संपलं.

मी पाच अर्थ दिले होते. तिसरा, उष्णता. चौथा, जुन्या ग्रंथांत माघ महिना. आणि पाचवा : 'एकदा तापवलेली इस्त्री पुन्हा गार होईपर्यंतचा अवधी, तेवढ्या अवधीत होणारं काम. उदा. एका तपात चार चादरी होतात.'

तिन्ही उडवलेले. चहा तसाच गार झाला. फोन लावला.

आताचे संपादक माझ्या हाताखाली बावीस वर्षांचे असताना लागले. गठ्ठ्याला गाठ कशी मारायची तेही मी शिकवलं. एरवी मी त्यांना 'अरे' म्हणते. राग आला की 'अहो'.

"अहो संपादक, 'टापास'ला सहा ओळी?"

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. 'अहो' ऐकू आलं असणार.

"नमस्कार, बाई. शब्द वापरात आहे. तीन साक्षीदार आहेत."

"कोण?"

"तीन हॉटेलांची तीन मेन्यू कार्डं."

"आणि तपाचे तीन अर्थ कुणी खाल्ले? त्याच हॉटेलांनी?"

"बाई, उद्या कचेरीत या. बसून बोलू."

"बसायला येत नाहीये," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

४ फेब्रुवारी

कचेरीत गेले. जिना तोच, डिंकाचा वास तोच, तळमजल्यावरच्या छापखान्याची धडधड तीच. कार्डांचे लाकडी खण अजून भिंतीभर आहेत. संपादकांचा चष्मा डोक्यावर होता आणि ते टेबलावर चष्मा शोधत होते.

"डोक्यावर," मी म्हटलं.

"अरे हो. बसा, बाई. चहा सांगितलाय. तो येईतो एक तप काढू या का? हा गठ्ठा लावायचा राहिलाय."

काढलं. पूर्वीसारखे समोरासमोर बसून आम्ही चौदा कार्डं लावली. हात रिकामा ठेवायचा नाही, ही सवय त्याला माझ्यामुळे लागली. चांगली आहे.

मग भांडलो. तिसरा आणि चौथा अर्थ पाच मिनिटांत परत मिळाले. छापील पुस्तकं आहेत, मी पानांचे आकडे घेऊनच गेले होते. पाचव्याशी गाडं अडलं.

कोशाचे नियम आमच्या पहिल्या संपादकांनी घालून दिले. त्यांना सगळे 'थोरले' म्हणत. बोलण्यातून उचललेल्या प्रत्येक अर्थाला तीन साक्षीदार. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचा नाही. तो त्याच्या तोंडून आपणहून यायला हवा. लिखाणात सापडला तर दुसऱ्या कुणाच्या हातचं लिखाण हवं. आणि घरचा साक्षीदार बाद. आई, नवरा, सासू, आपण स्वतः, कुणीही नाही. थोरले म्हणायचे, घरच्या शब्दावर माया असते, मायेनं कोश होत नाही.

संपादकांनी पाचव्या अर्थाचं कार्ड काढलं. पिवळं पडलं होतं. मोठ्यानं वाचलं : "साक्षीदार : एक इस्त्रीवाली. नाव माहीत नाही." मग माझ्याकडे बघितलं. "एकच कार्ड, बाई."

"तेव्हा थोरल्यांनी चालवून घेतलं होतं."

"तेव्हा आपण भाराभर चालवून घ्यायचो. २८ तारखेला 'त' खाली छापायला जातं. दोन साक्षीदार आणा, अर्थ ठेवतो. जुन्यासकट तीन होतील."

"आणते."

"कुठून आणणार? आता कोण इस्त्री शेगडीवर ठेवतं?"

"तो माझा प्रश्न आहे, अहो."

५ फेब्रुवारी

ही कोण इस्त्रीवाली, ते लिहून ठेवते. आमच्या कॉन्व्हेंटच्या आवारात मागच्या बाजूला धुलाईघर होतं. वसतिगृहाच्या दीडशे मुली, सिस्टर मंडळी आणि दवाखान्याच्या खाटा, सगळ्यांचे कपडे तिथे. भट्टीवर भरीव लोखंडी इस्त्र्यांची रांग असायची. एक गार झाली की ती परत ठेवून दुसरी उचलायची. पाण्याचा थेंब टाकून बघायचा. थेंब नाचला तर तापली, नुसताच सुकला तर नाही. आधी जाड आणि ओलसर कापड घ्यायचं, शेवटी नाजूक. तिथल्या एका बाईच्या तोंडी हा शब्द होता. मी येता-जाता ऐकलेला.

येता-जाता माणसाच्या कानावर पुष्कळ पडतं.

९ फेब्रुवारी

चार दिवस इस्त्रीच्या दुकानांतून फिरते आहे. एकूण अकरा. पाय गेले कामातून.

पहिला म्हणाला, "मॅडम, बटण दाबलं की गरम. बंद केलं की गार. त्यात विचारण्यासारखं काय आहे?" दुसऱ्याला वाटलं मी विजेच्या खात्यातून आले. तिसऱ्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी कोळशाची इस्त्री वापरलेली होती. आशेनं बसले. "बाबा, एकदा तापली की पुढे गार होईपर्यंत जे काम व्हायचं, त्याला तुमच्यात काय म्हणायचे?"

"काम म्हणायचे," बाबा म्हणाले.

एकीनं 'एक दम' सांगितलं. एका दमात तीन सदरे. सुरेख शब्द आहे. मुकाट्यानं कार्ड केलं, उद्या संपादकांकडे पाठवीन. माझ्या शब्दाच्या मुळावर आला तरी शब्द तो शब्द.

अकराव्या दुकानात जिभेवर आलं होतं, 'तप म्हणत होता का हो?' गिळलं. एवढं सोपं असतं तर कोश कुणीही केला असता.

१० फेब्रुवारी

नात म्हणाली, "आजी, चल, तुला तुझ्या शत्रूला भेटवते." लेक, नात आणि मी त्या टापासच्या हॉटेलात गेलो. भातुकलीएवढ्या बशा आल्या. प्रत्येकीत चार घास, आणि खाणाऱ्या आम्ही तिघी. भांडण लावायचीच सोय.

वाढणाऱ्याला विचारलं, टापास म्हणजे काय? "थोडं थोडं, सगळ्यांनी मिळून," तो म्हणाला. व्याख्या चांगली होती. संपादकांच्या सहा ओळींपेक्षा चांगली. कार्ड केलं.

नात माझ्याकडे बघत होती. "आजी, त्या एका शब्दापायी तू इतकी का धावतेयस? तुझे बाकीचे चार हजार आहेत ना?"

"चुकीचं उडवलं म्हणून."

"बरं, पणजी काय करायची ग? आई म्हणते तिला माहीत नाही."

"कॉन्व्हेंटमध्ये व्यवस्था पाहायची."

"कसली?"

"कपड्यांची वगैरे. खा, गार होतंय."

१४ फेब्रुवारी

शाळेत गेले. चौपन्न वर्षांनी. फाटक लहान झालंय. आताच्या मुख्य सिस्टर माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. मी आमच्या वेळची शिस्त, आमचं पाठांतर, असं सुरू केलं, तर त्या गोड हसून म्हणाल्या, "तुम्ही कुठल्या वर्षी बाहेर पडलात?" सांगितलं. पहिली आले होते तेही सांगितलं. विचारलं नव्हतं.

धुलाईघर आता सायकलींची जागा आहे. पण जुन्या वह्या वाचनालयाच्या माळ्यावर असाव्यात, असं म्हणाल्या. शिडी धरायला स्वतः उभ्या राहिल्या.

सापडल्या. लांबट, कापडी बांधणीच्या सात वह्या. भट्टीला कोळसा किती लागला ते कळावं म्हणून रोज लिहायचे : चादरी किती, अभ्रे किती, आणि शेवटच्या रकान्यात 'तप ११', 'तप १४', 'तप ९'. पानामागून पान. लेखी पुरावा! आणि एक नाही, शेकडो!

मग चष्मा पुसून नीट पाहिलं. अक्षर गोल, जरा मागे झुकलेलं. नऊचा आकडा उलट्या सहासारखा.

अक्षर माझंच होतं.

मला आठवतच नव्हतं. खोटं कशाला लिहू, आठवत होतं. संध्याकाळी शाळा सुटली की मी मागच्या दारानं धुलाईघरात यायची आणि वही लिहायची, कारण आईला लिहिता येत नव्हतं. आई म्हणजे ती इस्त्रीवाली. येता-जाता ऐकलेली.

आज हे पहिल्यांदा लिहिलं. लिहिलं तर काही आभाळ कोसळलं नाही.

पण माझ्या हातचं म्हणजे घरचं, आणि घरचं बाद. पानं उलटत गेले. दुसऱ्या वहीच्या मध्याला मला गोवर झाला असणार, कारण तिथे सतरा दिवस वेगळं अक्षर आहे : टोकदार, तिरपं, परक्या लिपीतलं. धुलाईघराच्या देखरेखीच्या सिस्टरांचं. आमची भाषा त्यांना कधी धड आली नाही. पण शेवटच्या रकान्यात त्यांनी त्यांच्या लिपीत 'तप' असंच लिहिलंय. सतरा दिवस.

मुख्य सिस्टरांनी त्या पानांची प्रत काढून दिली. "हे कुणाचं काम होतं?" त्यांनी विचारलं.

"धुलाईघरातल्या बायकांचं," मी म्हटलं. अजूनही एवढंच निघालं तोंडातून.

१५ फेब्रुवारी

झोप नाही. हिशेब साधा आहे. आईचं कार्ड मी खोटं केलं. साक्षीदार घरचा, आणि मी लिहिलं नाव माहीत नाही. इतरांनी असं केलं असतं तर मी त्यांचं सबंध अक्षर फिरून तपासायला लावलं असतं. कडक शिस्तीवरून 'सिस्टर' हे टोपणनाव मला कचेरीत उगीच पडलं नव्हतं.

खरं सांगितलं तर ते कार्ड बाद, आणि वर माझी चार हजार कार्डं संशयात. नाही सांगितलं तर वहीचा एक साक्षीदार आहेच, आणखी एक आणला की तीन. जीभ आवरली की झालं.

सत्तर वर्षांच्या बाईनं जीभ आवरायला आता शिकायचं?

१८ फेब्रुवारी

बुटकी मावशी जिवंत आहे. आईबरोबर धुलाईघरात होती, वयानं तिच्याहून बरीच लहान. शहराबाहेर वृद्धाश्रमात असते. पत्ता मुख्य सिस्टरांनी शोधून कळवला. नव्वदीला टेकली असेल.

संपादकांना फोन केला. म्हणाले, "वादातला अर्थ आहे, बाई. मी बरोबर येतो. नंतर कुणी म्हणायला नको की तुम्ही तिच्या तोंडात घातला."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"नियम तुम्हीच शिकवलात."

त्याला सांगितलं, धुलाईघरातली एक जुनी बाई आहे. एवढंच.

२१ फेब्रुवारी

बसनं गेलो. मावशी खिडकीशी खुर्चीत बसली होती. आणखी बुटकी झालीय, पाय जमिनीला टेकत नव्हते. मी संपादकांची ओळख करून दिली, माझी दिली नाही. लगेच कामाला लागले.

"मावशी, धुलाईघरात इस्त्री भट्टीवरून उचलली, की ती गार होईपर्यंत किती काम व्हायचं?"

मावशी मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिली.

"तू इस्त्रीवालीची पोर ना ग?"

संपादकांची पेन्सिल थांबली.

"टेबलाखाली झोपायचीस. ओल्या चादरींच्या गठ्ठ्यावर. तुझी आई मला म्हणायची, हिच्या अंगावर ठिणगी पडली तर तुला भट्टीत घालीन." मावशी खुदकन हसली. "आणि सकाळी शाळेचा गणवेश चढवलास की आम्हाला ओळख नाही. नाक वर करून फाटकातून जायचीस."

"लहान होते, मावशी," एवढं म्हटलं.

"अगं, आम्ही कुठं रागावलो! आम्ही कुजबुजायला लागलो की तुझी आईच म्हणायची, ओळख दाखवू नकोस असं मीच सांगितलंय तिला. ती तिकडची आहे, तिला तिकडचंच होऊ दे."

आईनं मला असं कधीही सांगितलं नव्हतं. एकदाही नाही.

मावशी मग संपादकांकडे वळली. "हिची आई म्हणजे काय बाई होती! आत सिस्टर लोकांची प्रार्थना सुरू झाली की ही इस्त्री उचलायची. म्हणायची, त्यांचं तिकडं, आपलं इकडं. चला ग, पुढचं तप. पहिल्यांदा आम्ही हसलो. मग सगळ्याच म्हणायला लागलो. आज किती तपं झाली, अजून दोन तपं राहिली. अकरा जणी होतो. ती गेली, पुढे नव्या पोरी आल्या, त्याही तेच म्हणायच्या. त्यांना ठाऊकही नव्हतं हे कुणी काढलं."

शब्द आपणहून आला होता. संपादकांनी कार्ड लिहिलं : साक्षीदाराचं काम, वय, दात. (दातांची नोंद आम्ही करतो, उच्चारासाठी. मावशीला एकही नाही.)

निघताना मावशीनं माझा हात धरला. "एवढी शिकलीस, आता काय करतेस?"

"शब्दांची व्यवस्था पाहते," मी म्हटलं.

बसथांब्यावर येऊन उभे राहिलो.

"बाई, ते जुनं कार्ड बाद," तो म्हणाला.

"बाद."

"तुमची बाकीची चार हजार?"

"एक एक काढून तपास. खोटं निघालं तर माझं नाव पहिल्या पानावरून काढ."

"तपासलीत. नोकरीला लागलो त्याच वर्षी, तुमच्या नकळत. म्हटलं, ही बाई सगळ्यांना इतकी बोलते, एखादं तरी हिचं चुकलेलं सापडेल." त्यानं चष्मा काढून पुसला. "सापडलं नाही. हे एकच खटकलं होतं. तुम्ही साक्षीदाराचं वय लिहिता, काम लिहिता, दात लिहिता. आणि या बाईचं काहीच नाही. नाव माहीत नाही म्हणे. मला वाटलं, बाईंचं हिच्याशी भांडण असावं."

"होतं," मी म्हटलं. "पण मीच भांडत होते."

बस आली.

२२ फेब्रुवारी

लेकीला आणि नातीला समोर बसवून सगळं सांगितलं. धुलाईघर, भट्टी, टेबलाखालचा गठ्ठा. लेकीचे डोळे भरले. नात म्हणाली, "म्हणजे पणजीनं शब्द तयार केला? आणि तू हे लपवून ठेवलंस? आजी, तू वेडी आहेस का?"

आहे. पण आज छाती कशी भरून आलीय. बाकीच्यांच्या आयांनी पोरं जन्माला घातली. माझ्या आईनं पोर घातली आणि वर एक अर्थ घातला.

२४ फेब्रुवारी

साक्षीदार दोनच. वहीतल्या सिस्टर आणि मावशी. दुकानं संपली, दिवस चार उरले. सकाळी कचेरीत जाऊन आईचं कार्ड मागून घेतलं. 'नाव माहीत नाही' खोडलं, 'माझी आई' लिहिलं आणि वर तांबड्या शाईनं 'घरचं, बाद' असा शेरा मारून सही केली. आयुष्यात इतक्या अभिमानानं कार्ड बाद केलं नव्हतं.

संपादक म्हणाले, "बाई, नियम वाकवू का? एक कमी आहे, पण..."

"खबरदार! तिच्यासाठी तर मुळीच नाही. तिला मेहेरबानी नको आहे."

त्यानं मग सुस्कारा टाकून समोरचा गठ्ठा ओढला. "बरं, निदान 'त्र'ची कार्डं संपवू. दुपारपर्यंत दोन तपं काढली तर..."

मी त्याच्याकडे बघितलं. तो कार्डं लावत होता.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, दोन तपं काढली तर जेवायच्या आत..." आणि तो थांबला. चष्मा डोक्यावरून आपणच नाकावर घसरला.

"हे तू कधीपासून म्हणतोस?"

"कधीपासून म्हणजे? लागलो तेव्हापासून. सगळेच म्हणतात. कचेरीत असंच म्हणतात, बाई! खालचे छापखान्यातलेसुद्धा. एका बैठकीचं काम, म्हणजे एक तप."

"कुणाकडून उचललंस?"

"मला काय माहीत? इथे आलो तेव्हा होतंच." मग हळूच म्हणाला, "तुम्ही म्हणायचात?"

मी म्हणत असणार. मला कधी ऐकूच आलं नाही. छत्तीस वर्षं गणवेश घालून नाक वर करून बसले, आणि तोंडातून आई बोलत होती.

कोरं कार्ड काढलं. "काम?" मी विचारलं.

"बाई, काहीतरीच काय. मी संपादक आहे."

"काम : संपादक. वय?"

"एक्कावन्न. पण मी साक्षीदार कसा? तुमच्याकडूनच उचलला असेल तर?"

"तू माझ्या घरचा आहेस? नाहीस. मी तोंडात घातला? नाही घातला. कुणाकडून उचलला हे नियम विचारत नाही. शब्द असेच जातात, या तोंडातून त्या तोंडात. दात?"

"सगळे आहेत," तो म्हणाला आणि तोंड उघडून दाखवलं.

२७ फेब्रुवारी

शेवटचं मुद्रित आलं. तप. पाच अर्थ, अकरा ओळी. 'टापास'ला सहा. पाचव्या अर्थाला संपादकांनी आपणहून जोड दिली आहे : 'त्यावरून, एका बैठकीत उरकणारं कोणतंही काम.' खाली उदाहरण : एका तपात चार चादरी होतात.

सतरा वेळा वाचलं. सगळं ठीक आहे. तरी काहीतरी खुपतंय.

१ मार्च

मुद्रित घेऊन मावशीकडे गेले. नात बरोबर होती. मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशी डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "परत वाच, ते चादरींचं."

"एका तपात चार चादरी होतात."

"चूक."

"काय चूक, मावशी?"

"चार माझ्या. चार सगळ्यांच्याच. तुझी आई पाच करायची. पाचवी नुसत्या उबेवर, अंगाचा भार टाकून, घडी घालत घालत. सिस्टर येऊन बघायच्या. तुला माहीत नाही?"

माहीत होतं. टेबलाखालून मी रोज मोजलं आहे. ते जुनं कार्ड लिहिताना पाच लिहिलं होतं, मग वाटलं, थोरले विचारतील, पाच कशा होतील, कोण ही बाई, तिला भेटू या. म्हणून चार केलं. मी माझ्या आईची एक चादर कमी केली.

आश्रमाच्या कचेरीतून संपादकांना फोन लावला. मागून खालच्या छापखान्याची धडधड ऐकू येत होती, म्हणजे तो यंत्रापाशीच उभा होता.

"अहो, 'तप'च्या पानावर चार खोडा. पाच करा."

"बाई, पान यंत्रावर चढलंय!"

"उतरवा."

"तुम्ही रागावलात का? 'अहो' म्हणताय म्हणून विचारतो."

"नाही. आज नाही."

"पाचाला साक्षीदार?"

"मावशी."

"आणखी?"

"मी. रोज मोजल्यात."

"घरचा साक्षीदार, बाई."

"हो," मी म्हटलं. नात माझ्याकडे बघत होती. "घरचाच आहे. तिची मुलगी."

फोनमधून यंत्राची धडधड येत राहिली, येत राहिली, आणि मग थांबली.